दूध-तुपाच्या गावात व्हीगन ताट

अगं, तुझा प्रश्न दोनदा वाचला. नोकरीसाठी सहा महिन्यांपूर्वी कोल्हापुरात आलीस, विद्यापीठाच्या बाजूला एक खोली, त्यात एक शेगडी, तीन लिटरचा कुकर आणि मिक्सर. मटण-अंड्यांबरोबर दूध, दही, तूप, मध सगळं सोडलंयस, म्हणजे व्हीगन झालीस. रोज काय शिजवू, बाहेर कुठं खाऊ, आणि लोक एक तर मटण खातात नाहीतर दूध पितात अशा गावात हे निभेल का, असं विचारतेस. शेवटी एक ओळ घातलीस, की आई दर महिन्याला घरचं कढवलेलं तूप पाठवते आणि तिला नको म्हणवत नाही. त्या ओळीवर मी शेवटी येते.

निभतं. मी राजारामपुरीत दुपारचे डबे करते, त्याला चौदा वर्षं झाली. त्यातली गेली नऊ वर्षं माझ्या स्वतःच्या ताटात दुधाचा थेंब नाही. माझं माहेर कागल तालुक्यातलं, गोठ्यात चार म्हशी. पहाटे धारेच्या वेळी रेडकाला दोन घोट पिऊ द्यायचं, म्हशीला पान्हा सुटला की त्याला ओढून खुंटीला बांधायचं. ते दावं ओढायचं काम माझ्याकडं होतं, मी दहा-अकरा वर्षांची होते. रेडी असली तर तिला जपायचे. रेडा असला की काही महिन्यांत ते दावं मोकळं दिसायचं आणि त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. तेव्हा काही सुचलं नाही, चाळिशीनंतर सुचलं. हे एवढ्यासाठी सांगितलं, की दुधाच्या जिल्ह्यातच वाढलेली बाई हे करते आहे. इथला जिल्हा दूध संघ १९६३ पासूनचा, गंगावेशीत आजही कट्ट्यावर समोर धार काढून दूध देतात. इथं दूध सोडलं म्हटल्यावर लोक तब्येतीची चौकशी करतात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता कामाचं. इतकी वर्षं कढया घासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्याकडच्या रोजच्या जेवणाचं अंग शेंगतेल, सुकं-ओलं खोबरं, तीळ, दाण्याचं कूट आणि खसखस यांचं असतं. दूध-तूप बहुतेक वेळा शिजवून झाल्यावर वरून पडतं. वरणभातावर तूप, मिसळीवर दही, डोशावर लोणी, अख्ख्या मसुरावर बटर, पोळीवर तूप. वरचं थांबवलंस की खालचं जेवण जसंच्या तसं उरतं, त्याला दुसरं काही लावावं लागत नाही. म्हणून व्हीगन चीज, व्हीगन बटर असलं महागडं काही शोधत बसू नकोस. पंजाबी भाज्यांचं मात्र उलटं आहे, तिथं दही आणि क्रीम रश्शाच्या आतच असतं. त्या भाज्या घरीही करायला जाऊ नकोस, मन त्या चवीशी तुलना करत राहतं.

पांढरा रस्सा घे. बाहेरच्या माणसाला वाटतं, तो दुधाचा असतो म्हणून पांढरा. नसतो. पांढरेपणा नारळाचा, तिळाचा, खसखशीचा. त्यातलं मटणाचं पाणी बदललं की झालं. चौघांसाठी माझं प्रमाण असं: अर्ध्या नारळाचं खोबरं, आठ-दहा काजू, एक चमचा पांढरे तीळ, एक चमचा खसखस. काजू, तीळ आणि खसखस अर्धा तास गरम पाण्यात भिजत घालायचे. कोबीचा दांडा, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, थोडे मिरे कुकरमध्ये चार वाट्या पाण्यात शिजवून पाणी गाळून घ्यायचं. भिजलेलं सगळं खोबऱ्याबरोबर अगदी गंधासारखं वाटायचं आणि सुती कापडातून पिळायचं. पिळताना आळस केलास तर रस्सा खरखरीत लागतो. पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात लवंग, दालचिनी, हिरवी वेलची, तमालपत्र, उभ्या चिरलेल्या दोन मिरच्या. वास सुटला की भाजीचं पाणी ओतायचं, उकळी आली की आच बारीक करायची आणि मग नारळाचं दूध घालायचं. इथून पुढं पळी हातातून सोडायची नाही. खळखळून उकळलं की रस्सा फुटतो, वर तेल आणि खाली चोथा होतो. कडेला बारीक बुडबुडे आले की बंद. मीठ त्यानंतर. माझ्या डब्यात मटण खाणारी माणसंही हा वाटीभर जास्त मागून घेतात.

तांबड्या रश्श्याची सगळी मदार चटणीवर. कांदा-लसूण चटणी बहुतेक घरांत तेलातच होते, ती निर्धास्त वापर. ऊन असेल तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, कुणाबरोबर तरी वर्षाची करून घे. एक किलो मिरचीला, त्यात ब्याडगी तीन वाटे आणि तिखट जवारी एक वाटा, मी अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, शंभर ग्रॅम तीळ, शंभर ग्रॅम आलं धरते. गरम मसाला आपापल्या घरचा. कांदा चिरून कडक उन्हात वाळवायचा, मग तेलात तांबूस तळायचा. ओलसर राहिला तर पावसाळ्यात चटणीला बुरशी येते. डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत, कुटून आणलेल्या चटणीला जो खमंग वास असतो तो घरच्या मिक्सरला येत नाही. तुला एकटीला किलोभर फार होईल, अर्धा किलो मिरची पुरेल.

ही चटणी आणि कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण फ्रीजमध्ये असलं की संध्याकाळी सात वाजता दमून आलेल्या माणसाचं जेवण अर्ध्या तासात होतं. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात जा, आठवड्याचं धान्य-कडधान्य एकदमच आण. भाजीला कपिलतीर्थ मंडई. मटकी, हुलगे, अख्खा मसूर, चवळी, मूग, पाव-पाव किलो पुरे. एक कडधान्य रात्री भिजत घालायचं, दुसरं फडक्यात मोड यायला बांधून ठेवायचं, म्हणजे चक्र चालू राहतं. हुलग्याची आमटी थंडीत आठवड्यातून एकदा तरी कर, वर कच्चं शेंगतेल अर्धा चमचा. मेथी, पोकळा, तांदळी या पालेभाज्यांना लसणाची फोडणी आणि दाण्याचं कूट एवढंच हवं. ज्या दिवशी काहीच नको वाटेल त्या दिवशी भाकरी आणि खरडा: हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यावर तेलात परतायचे आणि मीठ घालून तांब्याच्या बुडानं रगडायचे. भाकरी येत नसेल तर लाजू नकोस, शेजारपाजारी भाकरी करून देणाऱ्या बायका मिळतात. भाताला जिभेचे लाड करावेसे वाटले तर आजरा घनसाळ घे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि वासाला तो असा आहे की वर तूप नसल्याचं जाणवत नाही.

अख्खा मसूर बाहेर बटर घालून मिळतो, म्हणून घरची रीत सांगते. दोन तास भिजवलेला मसूर मीठ घालून बोटचेपा शिजवायचा, पीठ होऊ द्यायचं नाही. तेलात कांदा चांगला लाल होईस्तोवर परतायचा, आलं-लसूण, टोमॅटो, दीड चमचा चटणी. मग मसूर. त्यातला एक डाव मसूर बाजूला काढून घोटायचा आणि परत घालायचा, वर एक चमचा कूट. बटरनं जो दाटपणा येतो तो या घोटलेल्या डावानं येतो.

दह्याची आठवण सगळ्यात जास्त येते. शेंगदाण्याचं दही लाव. वाटीभर कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाण्यात वाटून कापडातून गाळायचे. ते दूध हलवत हलवत उकळायचं, दहाएक मिनिटं, म्हणजे कच्चा वास जातो. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांचे आठ-दहा ताजे देठ टाकून झाकून ठेवायचं. देठांवरच विरजण असतं. पहिल्या वेळी दही पातळ आणि जरा उग्र लागेल, घाबरू नकोस, त्यातलं चमचाभर पुढच्याला विरजण म्हणून लाव. तिसऱ्या खेपेला नीट बसतं. थंडीत भांडं टॉवेलात गुंडाळून बंद कपाटात ठेव. खायला नुसतं घेण्यापेक्षा काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, फोडणीची कढी यांत ते जास्त चांगलं लागतं. काजू परवडत असेल तर काजूचं दही याहून गोड होतं. आजरा-चंदगडकडचा तुकडा काजू अख्ख्यापेक्षा बराच स्वस्त पडतो आणि वाटायचाच असल्यावर तुकडाच बरा.

चहाचं मी सरळ सांगते. सोयाचं दूध उकळत्या आल्याच्या चहात फाटतं. काजूचं फाटत नाही, पण रोज कोण वाटणार. मी कोरा प्यायला शिकले: गवती चहा, आलं, गूळ, पावडर कमी आणि जास्त उकळायचा नाही. महिनाभर चव लागत नाही, मग लागते. कुणाच्या घरी गेलीस तर पातेलं गॅसवर चढायच्या आत "मला कोरा" म्हणायचं. चहा कपात ओतल्यावर म्हटलंस तर त्या माउलीचा कप वाया जातो आणि ती दुखावते.

गूळ आपल्याकडचाच, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळालाही मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर मळी काढायला भेंडीचं पाणी वापरतात. कुठं कुठं दूधही शिंपडतात, तेव्हा घेताना विचारून घे. दाण्याच्या आणि तिळाच्या लाडवांना तूप लागतच नाही, कुटताना त्यांचंच तेल सुटतं. पुरणपोळी तेलावर लाट आणि तेलावर भाज. सोबत गुळवणी नारळाच्या दुधाची: गूळ पाण्यात विरघळवून पूर्ण गार करायचा, मग नारळाचं दूध, वेलची, जायफळ. गरम गुळात घातलंस तर गेलं. आणि बदामाचं दूध हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही, आपल्या तालमींतून पैलवान बदाम घोटून थंडाई करत आलेत. तू ती पाण्यात कर.

पथ्यपाण्याचं एक ऐकच. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. पालेभाज्या खाते, मोड खाते, म्हणून चालेल असं समजू नकोस. मी पहिलं दीड वर्ष असंच समजले आणि हातापायांना मुंग्या यायला लागल्यावर रक्त तपासलं. डॉक्टरला सांगून गोळी चालू कर आणि वर्षातून एकदा तपासणी कर. कॅप्सूल देत असतील तर जिलेटिन नसलेली मागून घे, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. बाकीचं ताटातून होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणून सकाळी आंबील किंवा नाचणीची भाकरी. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिनं, आठवड्यातून दोनदा तांबड्या रश्श्यात टाक. कोरड्या वड्या गरम पाण्यात फुगवून दोनदा घट्ट पिळल्या तर वास जातो. कारळ्याची, जवसाची चटणी पानात असू दे. आमटीवर लिंबू पिळ, लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस.

आता बाहेरचं. पहिली गोष्ट, "व्हीगन" हा शब्द काउंटरवर वापरू नकोस. "प्युअर व्हेज" ही पाटीही तुझ्या कामाची नाही, तिचा अर्थ अंडं-मटण नाही एवढाच, पनीर आणि तूप तिथंच जास्त. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दुधाला चालतो. व्हीगन पदार्थांचे सरकारी नियम २०२२ मध्ये आले आणि त्यांचं वेगळं हिरवं चिन्ह आहे, इंग्रजी व्ही आणि त्यावर अंकुर. पण मिसळवाल्याच्या कढईवर चिन्ह नसतं. तिथं "मला पथ्य आहे" म्हण. हा शब्द इथं सगळ्यांना कळतो आणि त्याचा मान ठेवतात. ते खोटंही नाही, आपण स्वतःला घालून घेतलेलं पथ्यच आहे.

आणि विचारताना "यात तूप आहे का" असं विचारू नकोस. एकदा हायवेवरच्या एका ढाब्यावर मी तसं विचारलं. पोरगा म्हणाला, "नाही काकू, सगळं तेलात." मसूर आला तो वर बटरची वडी पाघळत. त्याला बोलावलं तर तो गोंधळला, म्हणाला, "तूप नाहीच ओ, हे बटर हाय." त्याचं काही चुकलं नव्हतं, मीच अपुरं विचारलं होतं. तेव्हापासून माझा प्रश्न ठरला: "शेवटी वरून काय घालता?" मग आचारी आपणहून सगळं सांगतो, कोथिंबिरीपासून क्रीमपर्यंत. त्यावर सांगायचं, "वरचं काही नको, आणि दूध, दही, लोणी, तूप, काहीच नको." चारही नावं घ्यायची.

मिसळ तुझी मैत्रीण आहे. मटकी, फरसाण, कांदा, लिंबू, कट. कट म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, तो तेलाचा असतो. उद्यमनगरची फडतरेंची, खासबागेतली, बावड्याची, प्रत्येकाची रीत वेगळी, म्हणून पहिल्या वेळी वरचा प्रश्न विचारच. दही वेगळ्या वाटीत येतं, ते आधीच नाकारायचं. अडचण ब्रेडची. आपल्याकडं मिसळीबरोबर स्लाइस देतात आणि काही ब्रेडमध्ये दुधाची पावडर असते. मी पिशवीत फडक्यात बांधून दोन ज्वारीच्या भाकरी नेते. पहिल्यांदा एका मिसळवाल्याकडं ती पुरचुंडी सोडली तेव्हा वाढणारे मामा बघत उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, ब्रेडचं पथ्य आहे." ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि कटाची किटली माझ्या टेबलावर ठेवून गेले. कटात भाकरी कुस्करून खाऊन बघ एकदा.

खासबाग मैदानाकडं भेळ, जयसिंगपूरचं भडंग, वडा, कट-वडा, कांदाभजी, उसाचा रस, शहाळं, यांत सहसा दुधाचं काही नसतं. भेळीत दही नको म्हणायचं, उसाच्या रसात बर्फ नको, तो माझ्या पोटाचा अनुभव. पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी, झुणका, ठेचा पोटभर खा, दह्याचं बुडकुलं परत कर. पोहे चालतात, उप्पीट आणि शिरा यांच्यात तूप असू शकतं. इडली-सांबार चांगलं, पण खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का विचार. लोणी डोशाच्या गाडीवर मी जात नाही, तेलावर कर म्हटलं तरी तवा लोण्यानं माखलेला असतो. साधा डोसा वेगळ्या तव्यावर करणारं हॉटेल शोध. रोटी, नान, कुलचा यांच्या पिठात दूध-दही बऱ्याचदा असतं, तंदुरी रोटीसुद्धा विचारूनच घे. त्यापेक्षा भाकरी मागायची. आपल्या खानावळींत भाकरी मिळते हे मोठं भाग्य आहे. रस्सा मागताना मात्र सांभाळ. मांसाहारी खानावळीत "व्हेज रस्सा" मटणाच्याच पाण्यावर वाढलेला मी पाहिला आहे. शाकाहारी खानावळ बघ, आणि दुपारी बारा-साडेबाराला जा. गर्दी व्हायच्या आत आचाऱ्याशी बोलायला मिळतं. चार वेळा गेलीस की पाचव्या वेळी तोच आतून ओरडून सांगेल, "ताईंचं वरचं नको रे."

तू जिथं राहतेस तिथून एक खानावळ, एक मिसळ आणि एक डोशाचं ठिकाण पक्कं कर आणि तिथंच जात जा. रोज नवी जागा शोधायला लागलीस तर महिन्यात दमशील.

आणि आई. माझी आई म्हशीचं तूप कढवायची, बेरीत साखर घालून आम्हा भावंडांना द्यायची. मी सोडल्याचं सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिला वाटलं, मी तिच्या हातचं टाकलं. मग दिवाळीला मीच तिला म्हटलं, मला तुझ्या हातची कारळ्याची चटणी दे, माझी कडू होते. ती कारळे भाजताना मला शेजारी बसवून घेऊन सांगत होती, आच कशी धरायची, तडतडायचे थांबले की लगेच कसं उतरवायचं. आता माहेराहून बरणी येते ती चटणीची. तू आईला तूप नको असं फोनवर सांगू नकोस. तिच्या हातचं दुसरं काय तुला जमत नाही ते आठव, शेंगदाण्याची चटणी असेल, कुरडया असतील, लसणाचं तिखट असेल, आणि या महिन्याच्या डब्यात ते माग. तुपाचं पुढच्या खेपेला, घरी गेलीस की तिच्याजवळ बसून सांग.